कार्डावरचं उत्तर

२००० सालचा जुलै महिना आठवा. तीन तारखेला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि रात्रीचे नऊ वाजले की आमची गल्ली ओस पडायला लागली. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून टपरीतच एक छोटा टीव्ही आणून ठेवला. आमच्या घरी शेजारपाजारची दहा-बारा माणसं चटईवर दाटीवाटीनं बसायची आणि अमिताभ बच्चन समोरच्या माणसाला उत्तर देण्याआधीच आमच्या खोलीत पाच-सहा उत्तरं ‘लॉक’ झालेली असायची.

माझी अम्मी शाळेत गेलेली नव्हती. पण हा कार्यक्रम ती एकटक बघायची. एके रात्री एक पोरगा हरला, मान खाली घालून उठला, तेव्हा अम्मी म्हणाली, “इनकू सही जवाब कौन बताया?” म्हणजे, त्या पोराचं उत्तर चूक हे अमिताभला कोणी सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्याला कोणी सांगितलं? सगळे हसले. मी हसलो नाही. त्याला कारण होतं.

१९८३ साली मी नववीत होतो. तालुक्याच्या गावी आंतरशालेय प्रश्नमंजुषा होती. आमची शाळा अंतिम फेरीत गेली. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि शेवटचा प्रश्न माझ्या वाट्याला आला : शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या साली झाला? मी ताठ उभा राहिलो आणि ‘१६३०’ असं उत्तर दिलं. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात मी ते वाचलं होतं, त्यामागची कारणंही वाचली होती. सरांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. “चूक. १६२७.” मी म्हणालो, “सर, पण जेधे शकावलीत...” सर म्हणाले, “शकावली नंतर. आधी खाली बस.” आणि मग सभागृहाच्या मागच्या बाजूनं एक आवाज आला, “मुलाण्याच्या पोराला कसं माहीत असणार!” त्यावर जे हसू उठलं, ते मला चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं ऐकू येतं.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा एस.टी.त कंडक्टर होते, दिवसभर लोकांशी हुज्जत घालून थकलेले. ते एवढंच म्हणाले, “मास्तर बोले तो सहीच रहेंगा. छोड दे, बेटा.”

आता खरं काय ते सांगतो, कारण इथे माझीच बाजू मांडत बसलो तर ते बरं नव्हे. जन्मसालाचा हा वाद प्रामाणिक होता. बखरींच्या आधारानं १६२७ हे साल पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी मिळाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर अनेक वर्षं अभ्यासकांमध्ये चर्चा झाली, आणि आज शिवजयंतीची शासकीय सुट्टी १९ फेब्रुवारीला असते हे आपल्याला माहीतच आहे. तेव्हा सरांनी काही खोटेपणा केला नव्हता. त्यांच्या कार्डावर जे होतं ते त्यांनी वाचलं. माझी तक्रार सालाबद्दल नव्हतीच. ज्या गोष्टीवर जाणत्यांचं एकमत नाही ती गोष्ट एका शब्दाच्या उत्तरासाठी कार्डावर लिहिली कशी, आणि कार्डाला उलट विचारायची सोय का नव्हती, ही तक्रार होती. पण नववीतल्या पोराला ती अशी मांडता येत नव्हती.

तेव्हापासून मला एक खोड लागली. प्रश्नोत्तरांच्या खेळात जिंकलेल्यांची नावं मी विसरतो, हरलेल्यांच्या हकिकती जमवतो. त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चटका लावणारी हकिकत अमेरिकेतली आहे.

या खेळांचं मूळ रेडिओत आहे, हे आकाशवाणीवर बोलताना अभिमानानं सांगायला हवं. अमेरिकेत १९४० पासून एक रेडिओ कार्यक्रम होता, त्यातला सर्वांत मोठा प्रश्न ६४ डॉलरचा असे. एक, दोन, चार, आठ असं दुपटीनं चढत ६४ पर्यंत जायचं. हा शब्दप्रयोग इंग्रजीत इतका रुजला की अवघड प्रश्नाला लोक ‘चौसष्ट डॉलरचा प्रश्न’ म्हणू लागले. मग दूरचित्रवाणी आली आणि १९५५ च्या जूनमध्ये त्याच प्रश्नाला तीन शून्यं लागली. ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ या कार्यक्रमाला लिपस्टिक बनवणारी रेव्हलॉन कंपनी पैसा पुरवत होती. कार्यक्रम तुफान चालला, लिपस्टिक तुफान खपल्या, आणि बाकीच्या कंपन्यांनाही असेच कार्यक्रम हवेसे झाले.

त्यांतलाच एक ‘ट्वेंटी-वन’. तो १९५६ च्या सप्टेंबरात सुरू झाला. दोन स्पर्धक दोन वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत उभे, कानाला हेडफोन, एकाला दुसऱ्याचं उत्तर ऐकू जात नाही. एक ते अकरा गुणांपर्यंतचे प्रश्न, जितके गुण मागाल तितका प्रश्न अवघड. जो आधी एकवीसला पोहोचेल तो जिंकला. प्रायोजक होतं गेरिटॉल नावाचं टॉनिक. सुरुवातीचा कार्यक्रम खरोखरीच्या प्रश्नोत्तरांचा होता आणि तो साफ फसला. स्पर्धकांना एकामागून एक उत्तरं येईनात, बघणारे कंटाळले आणि प्रायोजक भडकला. दुसऱ्या दिवसापासून निर्माता डॅन एनराइटनं ठरवलं की आता काहीही नशिबावर सोडायचं नाही.

हर्बर्ट स्टेम्पल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा विद्यार्थी. लष्करात नोकरी करून आलेला, लग्न झालेला, बेताच्या परिस्थितीतला ज्यू तरुण. त्याची स्मरणशक्ती दांडगी होती, तो मुळातच हुशार होता. एनराइट त्याच्या घरी गेला आणि पंचवीस हजार डॉलर जिंकायला आवडतील का, असं त्यानं विचारलं. अशा माणसाला असं विचारल्यावर तो काय म्हणणार? त्यानंतर त्याला प्रश्न आणि उत्तरं आधी मिळू लागली. एवढंच नव्हे, त्याचं सोंगही ठरवून दिलं गेलं. केस अगदी बारीक कापायचे. अंगाला न बसणारा जुना सूट घालायचा. मनगटावर स्वस्तातलं, मोठ्यानं टिकटिक करणारं घड्याळ. काचेच्या खोलीतली थंड हवा बंद ठेवायची, म्हणजे घाम येईल. तो घाम कसा टिपायचा, उत्तराआधी किती थांबायचं, कुठे अडखळायचं, सगळं पढवलेलं. लोकांना वाटायचं, बिचारा गरीब मुलगा किती जिवाच्या आकांतानं आठवतोय!

काही आठवड्यांनी लोक त्याला कंटाळले. प्रायोजकाला आता दुसरा चेहरा हवा होता, आणि तो मिळाला. चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, उंच, देखणा, मृदू बोलणारा. त्याचे वडील मार्क व्हॅन डोरेन हे पुलित्झर पारितोषिक मिळालेले कवी. सगळं घराणंच विद्वानांचं. आता स्टेम्पलनं हरायचं होतं.

तारीख ५ डिसेंबर १९५६. हरण्यासाठी स्टेम्पलला जो प्रश्न दिला गेला तो असा : १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणत्या चित्रपटाला मिळाला? उत्तर ‘मार्टी’. ब्राँक्समधल्या एका एकाकी, साध्यासुध्या खाटकाची ती गोष्ट. स्टेम्पल स्वतः ब्राँक्सचा. तो चित्रपट त्यानं तीनदा पाहिला होता, त्याला तो अतिशय आवडायचा. त्यानं गयावया केली, दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर हरतो, पण या प्रश्नावर नको. नकार मिळाला. काचेच्या खोलीत घाम गाळत उभं राहून, कोट्यवधी लोकांसमोर, त्यानं आठवण्याचं नाटक केलं आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असं उत्तर दिलं. तो आदल्या वर्षीचा विजेता.

मंडळी, मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी हरलो तेव्हा कार्ड चुकीचं होतं. स्टेम्पल हरला तेव्हा कार्ड अगदी बरोबर होतं. उत्तर कार्डावरही होतं, त्याच्या जिभेवरही होतं. आणि तरी तो हरला, कारण हरायचं कोणी हे आधी ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी त्याला काय विचारलं असेल? एवढं साधं कसं आलं नाही रे तुला?

त्याला अगदीच निर्दोष मानायचं कारण नाही. मिळालेल्या उत्तरांवर त्यानं ४९,५०० डॉलर घेतले होते आणि ते भराभर घालवलेही होते. पुढे त्यानं जे बोलायला सुरुवात केली त्यात मत्सर होता, फसलेल्या आश्वासनांचा राग होता. तो वर्तमानपत्रांकडे गेला. वर्तमानपत्रांनी ऐकून घेतलं, पण छापलं नाही. दुसरा साक्षीदार नाही, पुरावा नाही, अब्रुनुकसानीचा दावा लागला तर काय? शिवाय समोर कोण? व्हॅन डोरेनचा चेहरा १९५७ च्या फेब्रुवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. मार्चमध्ये तो हरला तेव्हा त्यानं १,२९,००० डॉलर जिंकले होते, आणि एनबीसीनं त्याला वर मोठ्या पगाराची नोकरी दिली. त्याच्याविरुद्ध बोलणारा कोण, तर हरलेला एक चिडका विद्यार्थी.

गाडी वळली ती १९५८ च्या ऑगस्टमध्ये. ‘डॉटो’ नावाच्या दुसऱ्याच एका कार्यक्रमात, पाळी यायची वाट बघत बसलेल्या एका माणसाला एका स्पर्धक बाईंची वही सापडली. तिच्यात त्या दिवशीची उत्तरं लिहिलेली होती. तो कार्यक्रम एका झटक्यात बंद झाला आणि मग स्टेम्पलच्या बोलण्याकडे लोक कान देऊ लागले.

पण पुरावा? तो एका चित्रकारानं जपून ठेवला होता. जेम्स स्नॉडग्रास हा ‘ट्वेंटी-वन’चाच एक स्पर्धक. त्याला १९५७ च्या मे महिन्यात उत्तरं आधी मिळत होती, आणि तो एक विलक्षण गोष्ट करत होता. ती उत्तरं कागदावर लिहायची, पाकीट बंद करायचं आणि रजिस्टर पोस्टानं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचं. पोस्टाचा शिक्का कार्यक्रमाच्या आधीच्या तारखेचा. आलेलं पाकीट फोडायचं नाही. याच स्नॉडग्रासला एकदा हरायला सांगितलं होतं. एका कवितेची कवयित्री ओळखायची होती, आणि त्यानं मुद्दाम ‘इमर्सन’ असं चुकीचं नाव घ्यायचं होतं. तो काचेच्या खोलीत गेला आणि त्यानं खरं उत्तर दिलं : एमिली डिकिन्सन. सगळ्या भानगडीत मला हा एक क्षण फार आवडतो. मी कवी आहे म्हणून म्हणा हवं तर. स्वतःचा पराभव लिहून दिलेला असताना एका चित्रकाराच्यानं कवितेच्या बाबतीत खोटं बोलवलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढे चौकशी झाली. सुमारे दीडशे साक्षीदार आले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक शपथेवर खोटं बोलले, असं चौकशी करणाऱ्या सरकारी वकिलानं पुढे सांगितलं. गंमत बघा, उत्तरं आधी सांगणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. कायद्यानं ते बंद नव्हतं. लोक खोटं बोलले ते शिक्षेच्या भीतीनं नव्हे, लाजेनं. शेजारी काय म्हणतील, मुलांना काय सांगायचं. मग १९५९ च्या ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं प्रकरण हाती घेतलं. स्नॉडग्रासची पाकिटं समितीपुढे फोडली गेली. आणि २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन समितीपुढे उभा राहिला आणि आपण या फसवणुकीत खोलवर गुंतलो होतो, अशी कबुली त्यानं दिली. विद्यापीठातली नोकरी गेली, एनबीसीची गेली. १९६० साली कायदा झाला आणि प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेत उत्तरं आधी पुरवणं हा गुन्हा ठरला. रॉबर्ट रेडफर्डनं १९९४ साली यावर ‘क्विझ शो’ हा चित्रपट काढला. व्हॅन डोरेन पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात काम करत राहिला आणि २०१९ साली वारला. स्टेम्पल पुढच्याच वर्षी गेला. दोघंही नव्वदीच्या पुढचे होते, आणि दोघांच्याही मृत्युलेखांत तीच काचेची खोली होती.

इथून पुढचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. कायदा झाल्यावर हे कार्यक्रम चालवणाऱ्यांना एक धाक बसला. प्रश्न लिहिणारे वेगळे, स्पर्धकांना भेटणारे वेगळे, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. चित्रीकरणाच्या वेळी बाजूच्या टेबलावर तपासनीस बसलेले. कोणी भलतंच पण बरोबर वाटणारं उत्तर दिलं की ते ग्रंथ उघडणार, आणि सूत्रसंचालक मध्यंतरानंतर सांगणार, मघाशी तुमचं उत्तर चूक म्हटलं होतं, ते बरोबर होतं, हे घ्या तुमचे गुण. भ्रष्ट खेळाच्या लाजेतून ही अपिलाची सोय आली. माझ्या तालुक्याच्या स्पर्धेत अशी लाज कोणाला वाटण्याचा प्रसंगच आला नव्हता.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. मर्व्ह ग्रिफिन नावाचा निर्माता नवीन कार्यक्रम शोधत होता, पण प्रश्नोत्तरं म्हटलं की लोक संशय घेत. त्याची बायको ज्युलॅन म्हणाली, मग उत्तरंच आधी द्या ना! स्पर्धकांना उत्तर द्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. तिनं लगेच उदाहरण दिलं : “५,२८०.” तो म्हणाला, “एका मैलात किती फूट?” त्यातून १९६४ च्या मार्चमध्ये ‘जेपर्डी’ हा कार्यक्रम जन्मला. चोरीचा आळ आलेल्या घरात मुद्दाम दार उघडं ठेवावं, तसली ही युक्ती. तिला दाद द्यायलाच हवी.

तरीही कार्डं चुकतच राहिली. माणसं लिहितात, माणसं चुकतात. १९९८ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ सुरू झाला, तोच आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन आला. १९९९ साली तिथे टोनी केनेडी नावाच्या स्पर्धकाला विचारलं, टेनिसचा एक सेट जिंकायला खेळाडूला कमीत कमी किती फटके मारावे लागतील? तो म्हणाला, २४. कार्डावरही २४. टाळ्या. पण घरी बसलेल्या टेनिसवेड्यांनी कागद-पेन्सिल घेतली. सहा गेम, प्रत्येकी चार गुण, म्हणजे चोवीस हे खरं. पण त्यातले तीनच गेम आपल्या सर्व्हिसचे. उरलेल्या तिन्हींत समोरचा प्रत्येक वेळी डबल फॉल्ट करत बसला तर आपल्याला बॅट हलवायचीसुद्धा गरज नाही. म्हणजे बाराच. तक्रारींचा पाऊस पडला. निर्मात्यांनी चूक कबूल केली, पण केनेडीचं बक्षीस काढून घेतलं नाही. ते योग्यच झालं. कार्डाच्या चुकीचा दंड माणसानं का भरावा?

त्याच वर्षी अमेरिकेतल्या आवृत्तीत याच्या उलट घडलं. क्षेत्रफळानं सुपीरिअरच्या खालोखाल मोठं सरोवर कोणतं? डेव्हिड होनिया म्हणाला, ह्युरॉन. कार्ड म्हणालं, मिशिगन. तो घरी गेला. पाण्याच्या साठ्यानं पाहिलं तर मिशिगन दुसरं, पण क्षेत्रफळानं ह्युरॉनच दुसरं. शब्द ‘क्षेत्रफळ’ होता. चूक उघडी पडली आणि त्याला सन्मानानं परत बोलावलं.

पण परत बोलावण्याच्या हकिकतींत एड टाउटंटची सर नाही कशाला. २००१ च्या सुरुवातीला त्याला विचारलं, इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी पाणी कमी पडलं की चमकणारी कोणती भाजी तयार केली? तो म्हणाला टोमॅटो, कार्ड म्हणालं बटाटा. गेला घरी. मग त्यानं शोध घेतला तर तसल्या टोमॅटोवरही काम झालेलं निघालं. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर. त्याला परत बोलावलं, आणि तेही जुन्याच बोलीवर : तो हरला त्या दिवशी सर्वांत मोठं बक्षीस जितकं होतं तितकंच आताही राहील. तो आला, एकामागून एक पायऱ्या चढला आणि १८ लाख ६० हजार डॉलर घेऊन गेला. सोळा हजारांच्या प्रश्नावर हरलेला माणूस! एका टोमॅटोला एवढा भाव कधी आला नसेल.

सगळ्यांचंच असं झालं नाही. रिक रोस्नरला २००० साली विचारलं, सर्वांत उंचावरची राजधानी कोणती? पर्याय चार, त्यांत बोलिव्हियाचं ला पाझ नव्हतंच. तो म्हणाला काठमांडू, कार्ड म्हणालं क्विटो. रोस्नर कोर्टात गेला. जगातली सर्वांत उंच राजधानी पर्यायांतच नाही, मग प्रश्नच खोटा, असं त्याचं म्हणणं. कोर्टानं ते मानलं नाही. आणि खरं सांगू, इथे माझंही मन त्याच्या बाजूनं जात नाही. दिलेल्या चारांत क्विटोच उंच, काठमांडू त्याच्या निम्म्या उंचीवर आहे. प्रश्न ढिसाळ होता, पण उत्तरही चुकलंच होतं. हरलेल्या प्रत्येकाच्या पाठीशी मी उभा राहतो असा समज नको.

२००६ साली ब्रिटनमध्ये लॉरेन्स आणि डायना लुएलिन-बोवेन हे जोडपं एका मुलांच्या रुग्णसेवा केंद्रासाठी खेळत होतं. पाच लाख पौंड हातात, दहा लाखांचा प्रश्न समोर : लॅटिनमधून भाषांतर केलं तर अमेरिकेचं ब्रीदवाक्य काय? त्यांनी ‘देवावर आमचा भरवसा’ हे वाक्य निवडलं. कार्डावर होतं, ‘अनेकांतून एक’. चार लाख अडुसष्ट हजार पौंड एका क्षणात गेले. पण गोम अशी, की लॅटिन ब्रीद जुन्या राजमुद्रेवरचं, तर १९५६ च्या कायद्यानं अधिकृत ब्रीदवाक्य म्हणून देवावरच्या भरवशाचंच वाक्य घेतलं. एक डॉलरच्या नोटेवर दोन्ही आहेत! प्रश्न दुअर्थी होता हे निर्मात्यांनी मान्य केलं, पाच लाख परत दिले, नवा प्रश्न विचारला. तो ऐकून जोडप्यानं शहाण्यासारखं थांबायचं ठरवलं.

काही चुका मात्र भाजी आणि सरोवरांइतक्या निरुपद्रवी नसतात. १० जानेवारी २०२० च्या ‘जेपर्डी’त विचारलं गेलं, चौथ्या शतकातलं चर्च ऑफ द नेटिव्हिटी कुठे आहे? एक स्पर्धक म्हणाली, पॅलेस्टाइन. चूक. दुसरा म्हणाला, इस्रायल. बरोबर. ते चर्च बेथलेहेममध्ये आहे, वेस्ट बँकेत, आणि २०१२ साली युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद पॅलेस्टाइनच्या नावानं झालेली. जगभर गदारोळ उठला. तेव्हा निर्मात्यांनी खुलासा केला की चित्रीकरणाच्या वेळीच हा प्रश्न सदोष असल्याचं लक्षात आलं होतं, तो रद्द करून दुसरा घेतला होता, पण संकलनात चूक होऊन रद्द केलेलाच भाग दाखवला गेला. स्पर्धकांच्या गुणांना धक्का लागला नव्हता. हे वाचताना मला १९८३ आठवलं हे कबूल करतो. ज्या जागेवरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडताहेत ती जागा एका शब्दात सांगा म्हणणारं कार्ड लिहिणारा बहुधा तेवढ्याच निरागसपणे लिहीत असतो.

आणि शेवटी अक्षराची गोष्ट, जी आम्हा कविलोकांच्या जिव्हाळ्याची. २०२३ च्या मे महिन्यात ‘जेपर्डी’त बेन चॅन नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लागोपाठ नऊ दिवस जिंकला होता. शेवटचा प्रश्न : शेक्सपिअरच्या एका नाटकातले दोन प्रेमिक, दोघांचीही नावं ‘धन्य’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलेली. त्यानं लिहिलं, ‘बिअट्रिस आणि बेनेडिक्ट’. नाटकातलं नाव आहे बेनेडिक. शेवटचा एक ‘ट’ जास्त झाला. नियम असा, की स्पेलिंग चुकलं तरी चालेल, उच्चार बदलता कामा नये. इथे उच्चार बदलला. चॅन हरला, आणि त्याला कोणी परत बोलावून तो निकाल फिरवला नाही. प्रेक्षक मात्र खवळले. बेनेडिक हे बेनेडिक्टचंच रूप, प्रश्नातच अर्थ विचारलेला, आणि एका व्यंजनापायी माणूस घरी?

मी यावर बराच विचार केला. आमच्या घरात उर्दूचा वावर. ‘जंग’ म्हणजे युद्ध आणि नुक्ता देऊन ‘ज़ंग’ म्हणजे गंज. एका टिंबानं तलवार लढायची थांबते आणि गंजायला लागते. शब्दात नेमकं अक्षर लागतं हे मी कसं नाकारू? नाटककारानं ‘बेनेडिक’ लिहिलंय तर ‘बेनेडिक’च म्हणायला हवं. पंचांच्या टेबलावर मी असतो तर मीही त्याला चूकच दिलं असतं, आणि रात्री मला झोप लागली नसती. चॅननं स्वतः मात्र फार समंजसपणे घेतलं.

अम्मी २०११ साली गेली. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला कधी नीट देऊ शकलो नाही. कार्डाला सांगणारी माणसंच असतात, कधी चुकतात, कधी विकली जातात, कधी परत बोलावून माफी मागतात, एवढंच सांगता आलं असतं. ती म्हणाली असती, “फिर तेरेकू क्यूं नै बुलाये?”

त्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला स्टीलचा पेला मिळाला होता. अब्बांनी तो आयुष्यभर वापरला, आता माझी नात त्यातून दूध पिते. परवा तिनं त्यावर कोरलेली अक्षरं एकेक लावत वाचली. शाळेचं नाव घासून पुसट झालंय. ‘द्वितीय क्रमांक, सन १९८३’ एवढं अजून दिसतं. ते साल बरोबर आहे.